येल्काच्या नडगीवरची गुलाबी गाठ

आमच्या बेटावर डॉक्टर एकच, व्हिंकाबाई. मी पेरिना, त्यांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं नर्स होते. हातात गळ रुतलेला कोळी येवो की झोप लागत नाही म्हणणारी म्हातारी, बाई आधी बसवायच्या, मग ओरडायच्या, मग औषध द्यायच्या.

आमच्या देशातलं युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. जूनमध्ये कातिया आपल्या येल्काला घेऊन आली. आठ वर्षांची पोर, दिवसभर धक्क्यावरून समुद्रात उड्या मारून रापलेली. तिच्या पाठीवर जन्मापासून मोठा काळा तीळ होता.

"माझी जाऊ म्हणते, असले काळे तीळ कॅन्सरचे असतात," कातिया म्हणाली.

"तुझी जाऊ कधीपासून डॉक्टर झाली?" बाईंनी भिंग घेऊन तीळ नीट पाहिला. रंग सगळीकडे सारखा, कडा सरळ. अंगाबरोबर वाढला होता, एवढंच. "काही नाही हा. जा घरी."

येल्का फ्रॉक चढवता चढवता म्हणाली, "आणि हे? हे खाजतं. आणि मोठं होतंय."

नडगीवर मसुराएवढी गाठ होती. गुलाबी, गोल, चकचकीत.

"चामखीळ आहे ती. शाळेतल्या निम्म्या पोरांना आहे," बाई म्हणाल्या आणि थंड औषधाने त्यांनी ती गोठवली. मी पाय धरला होता. येल्का म्हणाली, "पेरिनामावशी, दुखतंय मला, आणि डोळे तुम्ही मिटताय!" आम्ही चौघी हसलो.

ऑगस्टच्या अखेरीस ती परत आली तेव्हा मोज्याला रक्त लागलेलं होतं. गाठ वाटाण्याएवढी झाली होती. त्याच दिवशी बाईंनी ती मुळासकट काढली आणि बाटलीत घालून बोटीने शहरात तपासायला पाठवली.

"चामखीळच ना?" मी विचारलं.

"चामखीळ असली तर फार बरं होईल, पेरिना."

पाच आठवडे लागले. शहरातल्या दोन तज्ज्ञांचं जुळेना. मुलांना एक निर्धोक तीळ येतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली थेट कॅन्सरसारखा दिसतो. एक म्हणे तोच हा, दुसरा म्हणे नाही. शेवटी राजधानीत तिसऱ्याने निकाल दिला. मेलानोमा. त्वचेचा कॅन्सर.

बाईंनी भर दुपारी दवाखाना बंद केला आणि मला घेऊन कातियाच्या घरी गेल्या. ती अंगणात मासे साफ करत होती. तिचा नवरा, फ्राने, जाळं शिवत होता. येल्का शाळेत होती.

बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पाठीवरच्या तिळात काही नाही. ती गुलाबी गाठ कॅन्सरची होती. मोठ्या माणसांत तो बहुधा काळा, वेडावाकडा दिसतो. मुलांत पुष्कळदा तसा नसतो. खाजतंय, वाढतंय, असं पोरीने स्वतः सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तीन महिने मी घालवले."

फ्रानेने विचारलं, "तीन महिन्यांनी काय फरक पडला असता?"

"माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित सगळाच."

कातियाने सुरी खाली ठेवली. "माझ्या अंगणातून चालत्या व्हा," ती म्हणाली.

कॅन्सर जांघेतल्या लसीकाग्रंथींत पोचला होता. शस्त्रक्रिया झाल्या, औषधं झाली, दोन हिवाळे गेले. मार्चमध्ये येल्का गेली. दहा वर्षांचीसुद्धा पुरती झाली नव्हती. सगळं बेट देवळात आलं होतं. बाई बाहेर भिंतीपाशी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहून मला टपालात टाकायला दिला. मी टाकला नाही. आठवड्याने त्यांनी विचारलं, "गेला?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर दवाखान्यात येणारं प्रत्येक पोर त्या टाळूपासून टाचेपर्यंत बघायच्या. आईला नाही, पोरालाच विचारायच्या: काय नवीन आलंय? काय वाढतंय? कशातून रक्त येतं? अकरा पोरांच्या गुलाबी गाठी त्यांनी काढून पाठवल्या. अकराही निर्धोक निघाल्या. एका आईने भांडण काढलं, "उगाच पोराच्या गालावर व्रण केलात!" बाई म्हणाल्या, "उगाच ठरलं ना? मग शिव्या दे मला, हव्या तेवढ्या."

कातिया मात्र साध्या तापालाही बोटीने शहर गाठायची. सात वर्षांनी एके सकाळी ती दारात उभी राहिली. सोबत येल्कामागून झालेली धाकटी, आंजा. तिच्या दंडावर गुलाबी पुटकुळी होती.

"वाऱ्यामुळे बोट बंद आहे," कातिया माझ्याकडे बघून म्हणाली. "बघायला सांग."

बाईंनी पाहिली, काढली, पाठवली. ते अठरा दिवस बाई नीट जेवल्या नाहीत. निकाल आला तेव्हा कातिया समोर बसलेली होती.

"निर्धोक आहे," बाई म्हणाल्या. "काही नाही झालेलं तिला."

कातियाने आंजाला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली. मग तिचा आवाजच फुटला, "माझ्या येल्काची का नव्हती अशी? सांगा ना, तिची का नव्हती?"

बाई टेबलामागून उठल्या आणि कातियाशेजारी येऊन बसल्या. मी आंजाला उचलून बाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं.