तहाचा बैल

जनरल मंगार तिसऱ्यांदा बंड सोडून परत येतोय, ही बातमी आली तेव्हा मान्योकला ना आनंद झाला ना राग आला. त्याला झोप आली. लालोबच्या झाडाखाली चटईवर बसून तो दात घासायची काडी चावत होता. शेजारचा कुएर कुंपणाशी येऊन म्हणाला, "शनिवारी तह आहे. बैल पाडायला तुम्हालाच बोलावलंय." मान्योक म्हणाला, "पुन्हा?" आणि तिथेच आडवा झाला.

मान्योकच्या घराण्यात भाले होते. लढायचे नव्हेत, त्यांची पाती तर गंजून गेली होती. पण हे भाले ज्याच्या हाती असतात त्याचा शब्द खाली पडत नाही, हे नाईलकाठच्या दिंका लोकांत शेंबडं पोरही सांगेल. वैर मिटवायचं तर बैल मारून आडवा पाडायचा, भालेवाल्याने त्याच्यावर शब्द म्हणायचे आणि भांडणारांनी त्या बैलाला ओलांडून पलीकडे जायचं. मग जो पुन्हा हत्यार उचलेल तो मरेल. तिथे ना वकील, ना अपील.

बापाने भाले हाती दिले तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की शब्द जपून वापर. बापाला आयुष्यात असे बैल फार पाडावेच लागले नाहीत. कधी चराऊ कुरणाचं भांडण, कधी कुणाची पळवून नेलेली मुलगी. मान्योकच्या वाट्याला मात्र खार्टूमच्या सरकारशी लांबलेलं युद्ध आलं. घोंगडीत भाले गुंडाळून तो सरहद्दीपलीकडे चालत गेला, तिथे छावणीतली डाळ खाल्ली, आणि चालतच परत आला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी तो इतका नाचला की गुडघे सुजले. आता भाले भिंतीला टांगायचे आणि दूध पीत म्हातारं व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण मंगारचं काही ठरत नव्हतं.

मंगार युद्धातला मोठा कमांडर, शूर होता, खोटं कशाला बोला. स्वातंत्र्यानंतर आपणच राज्यपाल होणार असं त्याने धरलं होतं. पक्षाने तिकीट त्याच्या चुलतभावाला दिलं. हा अपक्ष उभा राहिला, हरला, मतं चोरली म्हणाला आणि आपली माणसं घेऊन दलदलीत शिरला. मग पहिला तह झाला. जनरलपद मिळालं, राजधानीत, जुबामध्ये बंगला मिळाला. पुढे एका संध्याकाळी हॉटेलात मासा खाताना टीव्हीच्या बातम्यांत त्याने स्वतःलाच काढून टाकल्याचा हुकूम ऐकला. मासा अर्धा टाकून गडी पुन्हा दलदलीत. दुसऱ्या तहात तो मंत्री झाला, गुरं आणि मासेमारी खात्याचा. गाडीपुढे गाडी, मागे गाडी. वर्ष सरतं न सरतं तोच ये रे माझ्या मागल्या.

दोन्ही वेळा बैल मान्योकने पाडला, दोन्ही वेळा शब्द मान्योकने म्हटले. आणि शब्द खरे ठरले, हीच तर रड होती. मंगारला काही झालं नाही; त्याचं पोट तेवढं सुटलं. मेली ती त्याच्यामागून बैल ओलांडलेली पोरं. एकाला साप डसला, एक पुरात गेला, एक साध्या तापाने. मंगारने हुकूम सोडला म्हणून त्यांनी हत्यार उचललं होतं, पण बैलाला हुकूम कुठे कळतो? गावातल्या आया मान्योकला पाहून वाट बदलू लागल्या.

आणि त्या पोरांतच मान्योकचा धाकटा, बियार, होता. दोनदा बैल ओलांडलेला, दोनदा तह मोडलेला. अजून जिवंत. बापाचे शब्द पोराच्या मानेवर टांगलेले, आणि तिसऱ्यांदा ओलांडल्यावर ते त्याला सोडणार नाहीत याबद्दल मान्योकला तिळमात्र शंका नव्हती. बियारची आई आदुत नवऱ्यापुढे जेवण ठेवायची ते तोंड दुसरीकडे करून.

शनिवारी सकाळी मंगार स्वतः अंगणात आला. बरोबर साखरेचं पोतं.

"काका, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत म्हणते, मंगारने आता म्हातारं व्हावं."

मंगार मोठ्याने हसला. आदुत चुलीपासून न उठताच म्हणाली, "साखर आणलीस होय? मागच्या खेपेलाही आणली होतीस. ती संपायच्या आत तू पळालास."

"काकी, या वेळी उपराष्ट्रपतीच्या खालोखाल खुर्ची आहे. सोडेन कशाला?"

"बियारला घरी पाठव," मान्योक म्हणाला. "त्याला आज ओलांडायला लावू नकोस."

"ते कसं व्हायचं? बियारशिवाय माझं पान हलत नाही. माझा उजवा हात आहे तो."

"माझा कुठला आहे मग?"

मंगार उठला, कपडे झटकले. "सगळ्यांनी ओलांडायला हवं, काका. पाहुणे डोकी मोजतात."

मैदानात मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, घामाघूम झालेला जुबाचा मंत्री. सरकारने बाजारातून ट्रकमध्ये घालून आणलेला पांढरा बैल खुंटीला बांधलेला, अंगभर माश्या. मग गलका झाला. मंगार आला, पण आधी त्याचा लाडका बैल, मजोक, आला. काळ्या मानेचा, पांढऱ्या पोटाचा. एक शिंग पुढे, एक मागे वळवलेलं, टोकांना गोंडे. तरुणपणी ज्या रंगाचा बैल मिळाला त्याचंच नाव माणूस टोपणनाव म्हणून लावतो. गाणी त्याच्यावर रचतो. मंगारही हात शिंगांसारखे वर करून मजोकमागे गात गात आला. आवाज असा की त्याला शिव्या घालणाऱ्यांचेही पाय हलले.

त्याच्या मागे बंदूक घेऊन बियार. मानेची हाडं वर आलेली. त्याने बापाकडे पाहिलं नाही. तो त्या पांढऱ्या बैलाकडे पाहत होता.

मान्योकने भाला उचलला. मग त्याने भाला खाली टेकवला.

"हा बैल कुणाचा?"

"सरकारने विकत घेतलाय," मंत्री म्हणाला.

"म्हणजे कुणाचाच नाही. कुणाच्याच नसलेल्या बैलावर म्हटलेले शब्द जाणार कुणावर? वाटेत जो भेटेल त्याच्यावर. दोनदा मी हेच केलं." त्याचा आवाज चढला नाही, चढवायची ताकदच नव्हती. "माझ्या बापाच्या वेळी वैर ज्याचं, बैल त्याचा. मंगार, मजोक आण. आणि ओलांडायचं तू एकट्याने."

असा बैल कुणी मारत नाही. तो म्हातारा होऊन मेला तरी मित्र मालकाजवळ बसून राहतात, त्याने जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये म्हणून.

मंगार हसला. मग त्याचं हसू गेलं. "काका, चेष्टा पुरे."

"चेष्टा करायचं माझं वय आहे का?"

"जनरलसाहेब, बैलच तर आहे," मंत्री घाईने म्हणाला. "आम्ही असले दहा देऊ." तो शहरात वाढलेला होता. लोकांनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं.

मंगारने मजोकच्या गळ्यात हात टाकले होते. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. साप डसलेल्या पोराच्या आईला त्याने फोनवर निरोप दिला होता. त्या वेळी त्याच्या आवाजात इतकंही पाणी नव्हतं.

"दुसरं काहीही मागा!" तो ओरडला. "गोठ्यातली पन्नास गुरं घ्या. बियार हवा होता ना? घ्या, घेऊन जा! हा मिळणार नाही."

बियारने सावकाश मान वळवून आपल्या जनरलकडे पाहिलं.

मान्योकला कळत होतं काय करायला हवं ते. आत्ता पाठ फिरवून घरी जायला हवं. तह मोडला तर मोडू दे. गर्दीत त्या आया उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहत होत्या. शब्द म्हणू नकोस, असं त्या नजरेत होतं, आणि त्याला ते पटत होतं. पण दोन हातांवर बियार उभा होता, श्वास घेत होता, आणि मान्योक फार, फार थकला होता.

"दे," तो म्हणाला.

बियारने बंदूक खाली ठेवली. आदुत गर्दीतून धावत आली आणि त्याचं मनगट धरून त्याला बाजूला ओढून घेऊन गेली. मजोकला मंडपामागे सावलीत नेलं, पाणी पाजलं. मग बाजारातला पांढरा बैल पाडला गेला. मान्योकने सगळे शब्द म्हटले, एकही गाळला नाही. अर्धे शब्द पुऱ्या शब्दांपेक्षा वाईट असतात. मंगारने ओलांडलं. त्याच्यामागून पोरं ओलांडू लागली. कुएरच्या मुलाचा बूट बैलाच्या पोटाला घासला, आणि कुएर हातांत तोंड लपवून खाली बसला.

"बाबा," बियार कानाशी म्हणाला, "आणि हे बाकीचे?"

"एकच मिळत होता," मान्योक म्हणाला.

ओळ अजून बरीच लांब होती. भाला हातात धरून त्याला शेवटचा पोरगा जाईपर्यंत तिथेच उभं राहायचं होतं.