शिर्केकाकांची तांब्याची गोळी

शिर्केकाका नेमबाजीच्या मैदानावर जाताना खिशात एक लिंबू ठेवायचे. शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या मारायच्या, कागद काढून आणायचा आणि भोकांवर लिंबू ठेवायचं. तिन्ही भोकं लिंबाखाली झाकली गेली, तरच त्या वर्षी शिकारीला जायचं. "एवढं जमत नसेल तर उगाच हरणाला लंगडं कशाला करायचं?" असं ते म्हणत.

२००६ साली मी अमेरिकेत एमएस करायला आले आणि प्लेनो शहरात त्यांच्या घरी खोली घेतली. काका धातुशास्त्राचे निवृत्त इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटेच. माझ्या वडिलांचं तासगावजवळ मटणाचं दुकान आहे, हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काय सांगायचं आणि काय नाही, ते कळत नसे. पण नोव्हेंबरात काकांनी गॅरेजमध्ये हरिण कापायला घेतलं आणि त्यांची सुरी बघून मला राहवलं नाही. मी ती हातात घेतली आणि सांध्यासांध्यातून फिरवली. काका बघत राहिले. कुणी शिकवलं, ते मी सांगितलं. "म्हणजे मी इतकी वर्षं लाकडं फोडत होतो," ते म्हणाले.

गोळी लागली होती तिथलं मटण ते टाकून देणार होते. मीच अडवलं. आमच्या दुकानात असं काही वाया जात नाही, खिम्यात जातं. साकळलेलं रक्त काढून बाकीचं मी दळलं. त्यातले दोन डबे काकांच्या मुलीकडे, अश्विनीताईकडे गेले. ताईला पाचवा महिना होता आणि बाबांच्याच हातचा खिमा हवा होता.

जानेवारीत जेवताना माझ्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. काकांनी तो करडा कण धुऊन कागदावर घासला. पेन्सिलीसारखी रेघ उमटली.

"शिसं," ते म्हणाले आणि ताट बाजूला सारलं.

शिशाची गोळी आत फुटते, तिचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत जातात आणि पोटातल्या बाळाला ते वाईट, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. मग फ्रीझरमधला एकेक डबा कचऱ्यात टाकला. अश्विनीताईने रक्त तपासून घेतलं. "बाबा, रिपोर्ट नॉर्मल आहे. आता टेन्शन घेऊ नका ना," तिने फोनवर सांगितलं. मार्चमध्ये बाळही सुखरूप झालं. तरी काकांनी तिच्यासाठी पुन्हा खिमा केला नाही. चूक माझी होती, हे मला बोलायचं होतं. धीर झाला नाही.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी तांब्याच्या गोळ्या आणल्या. नेहमीच्याच वजनाच्या घेतल्या, तर भोकं ताटलीएवढी पसरली. "म्हातारीला नवी चव आवडली नाही," काका रायफलीकडे बघत म्हणाले. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि त्यांच्या जुन्या रायफलीला ती मानवत नव्हती. त्यांनी नळी घासून साफ केली, कमी वजनाच्या गोळ्या आणल्या. त्यांचीही भोकं बशीएवढी पसरली. पुढच्या खोक्यानंही जमलं नाही तर रायफल देऊन टाकीन, असं ते परत येताना म्हणाले. तिसऱ्या खोक्यातली गोळी आणखी हलकी होती. काकांनी कागदावर लिंबू ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

त्या वर्षीच्या हरणात गोळी मलाच सापडली, पलीकडच्या कातडीखाली. पुढून चार पाकळ्यांसारखी उमललेली, पण अखंड. काकांनी ती धुऊन काकूंच्या मसाल्याच्या काट्यावर ठेवली आणि खोक्यावरच्या वजनाशी ताडून पाहिली.

"सगळी आहे," ते म्हणाले.

तरीही जखमेभोवतालचं वीतभर मटण त्यांनी मला कापून टाकायला लावलं. रविवारी अश्विनीताई बाळाला घेऊन आली. काकांनी आधी गोळी दाखवली, मग पान वाढलं. तिने दुसऱ्यांदा खिमा मागून घेतला, तेव्हा ते वाढायचं सोडून स्वयंपाकघरात निघून गेले. त्यांच्यामागे जायचं की नाही, मला कळेना.

२००८ मध्ये मला दुसऱ्या राज्यात, कॅरीला नोकरी लागली. सामान गाडीत भरून झाल्यावर मी एकदाचं बोलले, की काका, ते मटण तुम्ही टाकत होतात, दळायचा हट्ट माझा होता.

काकांनी ती तांब्याची गोळी माझ्या हातावर ठेवली.

"तू बापाच्या दुकानात शिकलीस ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "तिथे कुणी गोळी घालत नाही. गोळी माझी होती."