चौथ्या खांबाजवळची लादी

शारजात मेट्रो नाही. नातीला, इराला, शाळेत एका मेट्रो स्टेशनचा इतिहास सांगायचा होता. सुनेला ऑफिस, म्हणून शारजातल्या आमच्या अल मजाजहून बसने आम्ही दोघीच दुबईतल्या देऱ्याला निघालो. गुडघा दुखत होता, पण घरात बसून काचेतून तळं किती बघायचं?

तासाभराने उतरलो. स्टेशन म्हणजे रस्त्याकडेला काचेची एक खोली, बाकी सगळं जमिनीखाली. इराने फोनवरून चार ओळी उतरवल्या. "डन, आजी."

"बांधलं कोणी?"

"गव्हर्नमेंट."

"सरकारने हातात थापी धरली होती का?"

शेजारच्या कफेतेरियात (चहा-पराठ्याचं छोटं दुकान) करक (खूप उकळलेला दुधाचा चहा) घेतला. चहा देणारे इस्माईलभाई राजापूरकडचे निघाले. म्हणाले, "मावशी, स्टेशन बांधलं तेव्हा खालची लादी आमच्या टोळीने बसवली. आधी इथे नुसती रेती. शारजाच्या टॅक्सी उभ्या राहायच्या. खणलं तर खाडीचं पाणी वर!"

इराने पेन खाली ठेवलं. "टीचरला प्रूफ लागतं. एनीबडी कॅन से एनीथिंग."

त्यांचा चेहरा पडला. "गुरुवारी मी कायमचा गावी चाललो. फोटो नाही, कागद नाही." मग म्हणाले, "चौथ्या खांबाजवळ बघा. सगळ्या लाद्यांच्या रेघा गाडीच्या दिशेने, एकच आडवी. माझ्या हातून बसली. मुकादम ओरडला, पण सिमेंट धरलेलं. म्हणाला, खलास, गाडी काय अडणार नाय."

कार्ड लावून आम्ही खाली गेलो. मला ती थापच वाटत होती. चौथ्या खांबाजवळ काही नव्हतं. इरा हसली. मग लक्षात आलं, आम्ही बायकांच्या डब्याकडून मोजत होतो. दुसऱ्या टोकाने मोजलं. तिथे एक बाई उभी होती, तिला मी हाताने बाजूला केलं. लादी होती. आडवी. इराने फोटो काढला.

वर येऊन मी म्हटलं, "आहे."

"असणारच," ते म्हणाले. पण फोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हा माझ्या बायकोला पाठवशील, बेटा?"

परतीच्या बसमध्ये इराने सगळ्यात वर त्यांचं नाव लिहिलं. "आजी, मिस्टेक पण लिहू?"

"लिही. त्या चुकीमुळेच माणूस सापडला."

देरा मागे पडला. सरळ बसलेल्या हजारो लाद्या टोळीतल्या कोणाकोणाच्या हातच्या, हे इस्माईलभाईंना विचारायला मी विसरलेच.