सहाची बेरीज आणि डावा बैल

मंडळी, उद्या लेकीची दहावीची चाचणी आहे आणि आज गोंधळलोय मी. गणित असं: दोन फासे टाकले तर बेरीज सहा किती प्रकारे येईल?

मी म्हणालो, तीन. एक-पाच, दोन-चार, तीन-तीन. पुस्तकात उत्तर पाच. दोन-चार आणि चार-दोन वेगळे मोजायचे म्हणे. मग तीन-तीन दोनदा का नाही?

तासभर डोकं खाजवलं. वडिवळ्याहून आलेले माझे वडील शेवटी म्हणाले, "डावा बैल दमला, उजवा न्हाई. किंवा उजवा दमला, डावा न्हाई. एकच व्हय?"

"नाही."

"अन् दोन्ही दमले तर?"

लेक हसली, पाच लिहून मोकळी झाली.

मी अजून फाशांकडे बघतोय. कुणी सांगेल का, यातला डावा कुठला?