प्रॉम्प्टरबाई ट्रेलर मागे घेतात

आमच्या नाटक कंपनीत दोन माणसं प्रेक्षकांना कधीच दिसली नाहीत आणि त्या दोघांवाचून पडदाही कधी वर गेला नाही. एक ड्रायव्हरमामा. सगळं नेपथ्य लादलेला भलामोठा ट्रेलर ते गावोगाव घेऊन यायचे आणि प्रयोग सुरू झाला की केबिनमध्ये घोरत पडायचे. दुसऱ्या आमच्या प्रॉम्प्टरबाई. डाव्या विंगेत बिनपाठीच्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा, अशा त्या बसत आणि विसरलेल्या नटाला वाक्य पुरवत.

नुसतं वाक्य सांगणं कोणालाही जमेल. बाई आधी श्वास ऐकत. मी बाप, काका आणि राजे करायचो, आणि ही तिन्ही मंडळी बोलता बोलता थांबण्यात पटाईत. मी मुद्दाम थांबलो असेन तर माझा श्वास खोल असे. वाक्य पळालं असेल तर तो गळ्यापाशीच अडके. बाईंना विंगेत बसून ते कळायचं. त्यांनी माझा विराम एकदाही मोडला नाही आणि मला एकदाही उघडं पडू दिलं नाही. त्यांची कुजबुज ज्याला हवी त्यालाच ऐकू यायची, शेजारच्याला नाही. घरीही त्या तशाच बोलत. त्यांचे यजमान शिंपी होते. ते बिचारे एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. आता बाईंना घेऊन या."

मग मालकांनी नटांच्या कानात बसणारी यंत्रं आणली. वाक्यं आता लाइटवाला वरून सांगणार होता. नेमक्या त्याच हंगामात ड्रायव्हरमामांच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला. हंगाम संपला त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना तालमीच्या हॉलमध्ये बोलावलं आणि दोन्ही गोष्टी एका दमात उरकल्या: ट्रेलरला एजन्सीचा ड्रायव्हर येईल, आणि बाईंचा निरोप समारंभ चहानंतर.

"मी चालवते," बाई म्हणाल्या.

"काय चालवता?"

"ट्रेलर."

"बाई, जरा मोठ्याने. मला काहीतरी भलतंच ऐकू आलं."

"बरोबर ऐकलंत."

आम्ही हसलो. बाईंनी लग्नाआधी वडिलांची दुधाची गाडी चालवली होती, पण दुधाची गाडी आणि हे धूड यात शेळी आणि हत्तीइतकं अंतर. मालक मात्र हसले नाहीत. बहुधा निरोपाचं भाषण टळत होतं म्हणून असेल, ते म्हणाले, "सुट्टीत शिका. लायसन्स काढा. नव्या हंगामाच्या पहिल्याच मुक्कामी ट्रेलर थिएटरच्या मागच्या दाराला लावून दाखवा. जमलं तर ट्रेलर तुमचा. नाही तर एजन्सीचा माणूस, आणि मग हट्ट नको."

बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, "कशाला हा खटाटोप? यजमान गुणी आहेत, घर आहे."

"यजमान गुणीच आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी कुठेतरी आपला पडदा वर जातोय आणि मी ओट्याशी भाजी निवडतेय, हे मला सोसायचं नाही."

शिकवणी धान्याच्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानात सुरू झाली. मामा बाजूच्या सीटवर, दुखरा पाय लांब करून. गाडी जुनी, गिअर हट्टी. मामांनी मंत्र दिला: क्लच दाबा, गिअर मोकळा करा, क्लच सोडा, इंजिनाचा आवाज उतरू द्या, पुन्हा क्लच, मग पुढचा गिअर. घाई केली की खालून असा आवाज यायचा, जणू कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून डबा कुटतंय.

"किती दात पडले?" बाईंनी घाबरून विचारलं.

"माझे की गिअरचे?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी क्लच सोडला आणि डोळे मिटले.

"डोळे उघडा! बाई, डोळे!"

"थांबा हो. ऐकतेय." इंजिन गुरगुरत खाली आलं. बाईंनी क्लच दाबला आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. "कळलं मला," त्या म्हणाल्या. "हा विसरलेला नाही. नुसता थांबलाय."

त्या दिवसापासून गिअरनी बाईंपुढे मान तुकवली. मामा घरी जाऊन बायकोला म्हणाले म्हणे, की चाळीशीनंतर मला गाण्यातलं काही कळलं असेल तर ते आज.

पण मागे जाणं हे निराळंच प्रकरण निघालं. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि शेपूट वळायला लागलं की लगेच त्याच्या मागून जायचं. मामा म्हणायचे, "ओल्या दोरीने म्हैस ढकलायची, असं समजा." आणि इथे बाईंचा सगळा जन्म त्यांच्या आड आला. शेपूट इंचभर चुकलं रे चुकलं, की बाई स्टिअरिंग गरकन फिरवून त्याला सावरायला जात. ते सावरणं जास्त व्हायचं. मग त्या सावरण्याला सावरणं. चौथ्या सावरण्याला ट्रेलर घडीच्या चाकूसारखा मिटायचा.

"अहो, जरा चुकू द्या की त्याला!" मामा कळवळून म्हणत. "तो काय नट आहे, लगेच धावून जायला?"

"प्रेक्षकांना कळायच्या आत सावरायचं असतं, मामा."

"इथे कुठले प्रेक्षक!"

होते ना. आम्हीच. सुट्टीत नटाला दुसरं काय काम? आम्ही खुर्च्या, थर्मास आणि छत्र्या घेऊन मैदानाच्या कडेला बसत होतो. आणि ज्यांना ज्यांना बाईंनी आयुष्यभर वाक्यं पुरवली होती, त्या सगळ्यांना आता उपकार फेडायची सुरसुरी आली.

"उजवीकडे, बाई! पूर्ण उजवीकडे!" नायक ओरडायचा. त्याला सायकलही धड येत नव्हती.

"डावं चाक बघा, डावं!" नायिका.

"ब्रेक! ब्रेक! नाही, रेस! रेस द्या!" आमचा खलनायक, जो खऱ्या आयुष्यात पालीला भ्यायचा.

विनोदी नट तर दोन्ही हात हवेत फिरवून विमान उतरवत असे. आणि बाईंची अडचण अशी, की बोलणाऱ्याचा आवाज न ऐकणं त्यांना येतच नव्हतं. सहा जण सहा दिशा सांगत आणि त्या सहाही दिशांना जायचा प्रयत्न करत. त्यात पाण्याचं एक पिंप चपटं झालं, कंपनीच्या सुताराचं टेबल गेलं, आणि मामांनी दिवसातून दोनदा जपमाळ काढायला सुरुवात केली.

घरी बाईंनी दोन काडेपेट्या टाचणीने एकमेकींना जोडल्या आणि जेवणाच्या टेबलावर त्या मागे ढकलायचा सराव चालवला. यजमानांना आमटी घेताना वाट द्यावी लागे.

"अगं, मला मीठ हवंय."

"थांबा, मी मागे घेतेय."

लायसन्सच्या परीक्षेला आम्ही कोणी गेलो नव्हतो. मैदानात फक्त बाई आणि एक जांभया देणारा परीक्षक. बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. यातून आम्ही काही शिकायला हवं होतं. शिकलो नाही.

नव्या हंगामाचा पहिला मुक्काम आला. थिएटर मोठं होतं पण त्याचं मागचं दार एका बोळात उघडत होतं. हमरस्त्यावरून बोळात मागे शिरायचं. डाव्या हाताला सलून, त्याची पाटी पुढे आलेली. उजवीकडे इस्त्रीवाल्याचं टेबल. पुढे बोळ वाकडा होऊन अंगणाचं फाटक, आणि फाटकाच्या अलीकडे उघडं गटार. मालक फाटकात उभे. खिशात फोन, फोनमध्ये एजन्सीचा नंबर.

बाई बोळात शिरल्या आणि आम्ही सुरू झालो. "डावीकडे!" "उजवीकडे!" "या, या, या, थांबा!" ट्रेलर एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी त्याचं शेपूट सलूनच्या पाटीपासून वीतभरावर येऊन थांबलं. आतून अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक बाहेर पळालं आणि त्याच्यामागे वस्तरा घेऊन न्हावी. इस्त्रीवाल्याने टेबल घरात ओढलं. मालकांनी फोन बाहेर काढला.

इंजिन बंद झालं. बाई केबिनमधून खाली उतरल्या. पदर त्यांनी कमरेला खोचला. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, वाकून गटार पाहिलं, मग आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला गप्प बसणं शक्य नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. डॉक्टर रोगाचं नाव सांगतो तसं सांगितलं.

"का नाही? आम्ही शिस्तीचे कलावंत आहोत," नायक म्हणाला, आणि त्याच विषयावर आणखी बराच बोलला.

"म्हणून तुम्हाला भूमिका देते. खांबाची."

"खांब?"

"तुम्ही सलूनच्या पायरीला लागून. नायिकाबाई, तुम्ही इस्त्रीच्या दुकानापाशी. खलनायक गटाराच्या अलीकडे. काका, तुम्ही फाटकाच्या कोपऱ्यात. मला आरशात तुम्ही दिसला पाहिजेत. खांब जिथे आहे तिथेच राहिला, तर मला कळेल मी कुठे आहे."

"संवाद?" विनोदी नटाने विचारलं.

"नाहीत."

"हालचाल?"

"नाही."

"मग करायचं तरी काय?"

"असायचं."

नायक पायरीपाशी जाऊन उभा राहिला, खांदे सरळ केले, आणि गंभीरपणे विचारलं, "लाकडी की सिमेंटचा?"

"सिमेंटचा. लाकडी कलतो."

मालक म्हणाले, "बाई, माणूस बोलवू का?" मामांनी त्यांच्या दंडाला हात लावला. "थांबा, मालक. आता कुठे रंगमंच लागलाय."

बाई वर चढल्या. इंजिन धडधडलं. काय सांगू, एवढ्या वर्षांत आमच्या कंपनीने इतकी शांतता कधी केली नव्हती. ट्रेलर एक पाऊल पुढे गेला, सरळ झाला आणि हळूहळू मागे येऊ लागला. शेपूट सलूनकडे झुकलं. मला वाटलं, आता बाई गरकन फिरवणार. नाही फिरवलं. त्यांनी त्याला झुकू दिलं, वाट पाहिली, आणि मग स्टिअरिंग बोटभर हललं. शेपूट परत आलं. ट्रेलरचा पत्रा नायकाच्या जाकिटाच्या बटणांवरून सरकला. नायकाने पापणी लववली नाही. मी त्याला युद्धात मरताना, प्रेमात रडताना पाहिलं आहे, पण इतका खरा तो कधीच वाटला नव्हता.

वळणावर बाई थांबल्या, उतरल्या, मागचं चाक आणि गटार यांच्यात किती जागा आहे ते पाहिलं, पुन्हा चढल्या आणि ट्रेलर पुढे घेतला.

"पुढे? हरल्या का?" मालक.

"हरणं नाही ते," मामा म्हणाले. "न उतरता मागे घेणारे माझे सगळे दोस्त गटारात बघून आलोय मी."

दुसऱ्या खेपेला शेपूट खलनायकाला चुकवून, गटार उजवीकडे ठेवून फाटकातून आत आलं. फाटकाच्या कोपऱ्यातले काका म्हणजे मीच, आणि मागचे लाल दिवे माझ्या दिशेने येत होते. मला पळावंसं वाटत होतं आणि मी खांब होतो. दिवे माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. मागचं दार थिएटरच्या दाराला असं लागलं, की नेपथ्यवाल्यांनी फळी टाकायची तेवढी बाकी होती. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

मालकांनी फोन कानाला लावला. "हॅलो, एजन्सी? नाही, नाही, माणूस नको. आमच्याकडे आहे." मग ते केबिनखाली गेले. बाईंची बोटं अजून स्टिअरिंगवरून निघत नव्हती.

"बाई, परवा पहाटे पुढच्या मुक्कामाला निघायचंय. जमेल?"

"जमेल," बाई म्हणाल्या. "पण आधी त्या खांबांना कोणीतरी सुट्टी द्या. नायक मघापासून श्वास घ्यायचाही थांबलाय."