किक अडवणारा पाइप

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एक वेल्डर होता. काहीही विचारा, उत्तर एकच, "झालंच समजा." माझ्या जुन्या मोटारसायकलचा सायलेन्सरचा पाइप सडला, तेव्हा त्यानं नव्या पाइपात वाळू ठासून, तापवून त्याला झोकदार बाक दिला. बसवल्यावर कळलं, किक खाली जातच नाही, पाइपाला अडते. धक्का मारून गाडी सुरू केली, तर आवाज मात्र एकदम दमदार.

"अरे, कापून नीट कर की," मी वैतागलो.

"कापल्यावर हा आवाज न्हाई राहणार, सर. तुम्ही किकच मारू नका."

"मग मंठ्याला शाळेत जाऊ कसा?"

"मी हाये ना."

मंग काय, रोज सकाळी तो दुकान उघडं टाकून यायचा, गाडीला धक्का मारायचा आणि आवाज ऐकत रस्त्यातच उभा राहायचा. शाळा सुटल्यावर मंठ्यात मला कोण ढकलतं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.