चुलीजवळ ठेवू नये

वसईतल्या आमच्या संघटनेत पत्रक लिहिण्याचे दोन नियम होते. वाचताना दम लागेल असं वाक्य कापायचं आणि शेतकऱ्याच्या घरात नसलेला शब्द छापायचा नाही. दुसरा नियम मी भांडून आणला होता. वडीलधारे कार्यकर्ते 'उपयुक्त सूक्ष्मजीव' असं मोठ्या अक्षरांत छापायला निघाले होते. मी म्हटलं, हा उपयुक्त सूक्ष्मजीव राहतो कुठे, गासला की वटारला? कोणाला पत्ता तरी माहीत आहे का? सगळे हसले आणि पत्रक माझ्या गळ्यात पडलं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, वडील मुंबईला नोकरीला, मूळ गाव कोकणात. शेतीतलं मला जे येत होतं ते सगळं छापील होतं. संताप मात्र अस्सल होता. दुकानदार सांगेल ते विष लोक वांग्यांवर मारतात आणि तीच वांगी आमच्या घरी येतात, हे मला सहन होत नव्हतं.

भुईगावच्या काकी मला याच भांडणात भेटल्या. साठीच्या, नवरा गेलेला, घरामागे वाडी, वाडीत पानमळा. पांगाऱ्याच्या आधारावर चढलेल्या नागवेलींच्या रांगा, आत शिरलं की कानाला गार वाटायचं. घरात त्या आपल्या बोलीत बोलायच्या. माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायला घ्यायच्या आणि दोन वाक्यांत घसरायच्या.

पहिल्यांदा मी त्यांना निंबोळी अर्क शिकवला. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबण घालून फवारायचं. पत्रकात मी 'सर्व पिकांसाठी निर्धोक' असं लिहिलं होतं.

काकींनी पत्रक वाचलं आणि विचारलं, "पानांवर पन मारायचं?"

"मारा की."

"कडू जहर लागेल ना, बाय. विडा खानारा पहिला थुंकेल, मग मला शोधत येईल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी अर्क फक्त वांग्यांवर मारला. अळी कमी झाली. तेव्हापासून त्या माझं ऐकू लागल्या.

त्या वर्षी पावसाळ्यात मळ्यात मर शिरली होती. वेल पिवळा पडतो, पानं लोंबतात आणि ओढून बघितलं तर मूळ कुजून हातात येतं. एक कोपरा गेला. काकींचा मुलगा वसईतल्या एका कंपनीत होता. तो मळ्याच्या बांधावर उभा राहून माझ्यासमोरच आईला म्हणाला, "यंदाचं सोड. पुढच्या पावसात मळा जगला तर मी तोंड उघडणार नाय. मेला तर मी माती टाकून भरणी करणार. बाजूच्याने वाडी बिल्डरला दिली, आपनच कशाला पानी शेंदत बसायचं?" मग माझ्याकडे वळून, "काय मॅडम, कीटकांचे कैवारी, तुमच्याकडे हाय का काय?"

होतं. ट्रायकोडर्मा. ही चांगली बुरशी, मुळं कुजवणाऱ्या बुरशीला जगू देत नाही. शेणखतात मिसळून मातीत घालायची. त्याचंच नवं पत्रक मला लिहायचं होतं आणि 'बुरशी' म्हटलं की लोक नाक मुरडत होते. बुरशी मारायला बुरशी कोण विकत घेईल?

ओळ मला काकींच्या स्वयंपाकघरात मिळाली. नाताळ जवळ आला होता, त्या फुग्यांचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ भिजवत होत्या. पाण्याऐवजी ताडी. भिजवलेलं पातेलं चुलीजवळ ठेवलं, वर जुनं पातळ पांघरलं. "ताडीत जीव असतो," त्या म्हणाल्या. "ऊब दिली तर फुगतो. थंडीत ठेवला तर रुसून बसतो." मी तिथेच वहीत लिहिलं: *ही पूड जिवंत आहे. तुमच्या फुग्यांच्या पिठातल्या ताडीसारखी.*

बैठकीत ही ओळ वाचली तेव्हा टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मी घरी येऊन आईला सांगितलं. पत्रकं छापली, मी चर्चच्या दारात आणि देवळाच्या दारात वाटली, आणि ओळ लोकांच्या तोंडी बसली. "ती ताडीची पूड कुठे मिळते?" असं लोक विचारायला लागले.

मार्चमध्ये मी काकींना कृषी केंद्रातून सहा पुड्या आणून दिल्या. मळ्याची उतरण महिन्याभराने होती. म्हणजे वाढलेले वेल खाली उतरवून, वेटोळं करून मातीत दाबायचे. तेव्हाच पूड मुळाशी घाला, असं मी सांगितलं. कुठे ठेवा, हे सांगितलं नाही. पुडीवर लिहिलं होतं, इंग्रजीत, मुंगीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत. मी ते वाचलं होतं. वाचलं होतं, हे लिहायला मला आजही जड जातं.

उतरणीला मी गेले. काकींनी शेणखतात पूड मिसळली, स्वतःच्या हाताने प्रत्येक वेलाला घातली, आणि शेवटी पांगाऱ्याच्या पहिल्या खोडावर हाताने क्रूस काढला. मी मनात म्हटलं, या वर्षी त्या मुलाचं तोंड बघायला येईन.

जुलैमध्ये बघायला गेले. पहिल्या रांगेतले चार वेल पिवळे होते. आठवड्याने रांग गेली. मी पुड्या देणाऱ्या कृषी केंद्रातल्या माणसाला फोन केला, दोनदा पावसात बसने गेले. तो म्हणाला, मर एकदा मुळात शिरली की उपाय फार उरत नाही, चर खणून पाणी काढा. आम्ही चर खणले. काकी, मी आणि त्यांचा मुलगासुद्धा. त्याला मळा मरायला नको होता, हे मला त्या चिखलात कळलं. तो रात्रपाळी करून यायचा आणि कुदळ घ्यायचा. चरातून पाणी निघायचं आणि संध्याकाळच्या सरीत पुन्हा भरायचं. आम्ही बघत राहायचो. बघण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं आणि बघायलाही नको वाटायचं.

ऑगस्टमध्ये एक दिवस काकींनी चहा ठेवला. मी ओल्या कपड्यांत चुलीसमोर बसले होते. चुलीच्या वर फळी होती, धुराने काळी झालेली. तिच्यावर जुनं पातळ घडी करून ठेवलं होतं आणि पातळाखालून एक पुडी डोकावत होती.

"ही राहिली?"

"पाच पुरल्या. एक ठेवली पुढच्यासाठी."

मी पुडी उचलली. हाताला कोमट लागली. आतली पूड वाळून खडा झाली होती, धुराचा वास मारत होती.

"सगळ्या इथेच होत्या?"

"मग? महिनाभर. रात्री पांघरून घालत होते वर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जिवंत हाय म्हनालेलीस ना? ताडीसारखी. थंडीत कशी ठेवू?"

चहा उकळला, त्यांनी तो गाळला. कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "चुलीने काय झालं काय गं?"

पत्रक लिहिताना माझ्याकडे गुन्हेगार नेहमी तयार असायचा. दुकानदार, बिल्डर, टँकरवाले, कृषी खातं. तेव्हाही मी मनात शोधत होते. इंग्रजीत छापणारे. केंद्रातला माणूस, ज्याने बजावलं नाही. सगळ्यांवर थोडं थोडं राहत होतं आणि उरलेलं माझ्या ओळीवर येऊन बसत होतं.

"नाही हो काकी," मी म्हटलं. "पाऊस जास्त झाला."

"पाऊस काय, दर वर्षी जास्तच असतो," त्या म्हणाल्या आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

पुढे केंद्रातल्या माणसाने मला सांगितलं की ताजी पूड घातली असती तरी मळा वाचलाच असता असं नाही. महिनाभर चुलीवर भाजलेल्या पुडीत मात्र काही जिवंत उरलं नसणार. पहिल्या वाक्याने बरं वाटावं म्हणून मी खूप प्रयत्न केला.

दिवाळीच्या सुमारास मुलाने वेल उपटून जाळले. पांगारे तोडले. जानेवारीत भरणीची माती पडली. मी गेले नाही.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. ताडीची ओळ मी काढायला सांगितली. बैठकीत आरडाओरडा झाला, लोकांना तीच तर आठवते म्हणून. मग मी तडजोड केली. ओळ राहील, पण खाली चौकटीत, जाड अक्षरांत येईल: *सावलीत, गार जागी ठेवावी. चुलीजवळ ठेवू नये.* कारण कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतल्या, एका रविवारी मी चर्चच्या दारात वाटायला उभी राहिले. मिस्सा सुटली. काकी बाहेर आल्या, बाकीच्यांसारखा हात पुढे केला, पत्रक घेतलं आणि पुढे गेल्या. दहा पावलांवर थांबल्या. डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. मग गर्दीच्या उलट दिशेने परत आल्या.

चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझं हाय ना?"

मी मान डोलावली.

"तेव्हा मी विचारलं होतं तुला. चहा देताना."

"हो."

"मग तोंडाने सांगायला काय झालेलं?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. "मी काय मारनार होते तुला? गावभर छापलंस, आनि मला नाय सांगितलंस."

त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मागून लोक बाहेर येत होते, एकेक हात पुढे होत होता, आणि मी काकींसमोर उभी राहून एकेक पत्रक देत राहिले.